आखाजीला न बोलावता गेलेला जावई

मी प्रेम या विषयाचा प्राध्यापक आहे. नेमणुकीच्या पत्रावर 'मानसशास्त्र' असं लिहिलंय, पण धुळ्याच्या आमच्या कॉलेजात 'आकर्षण आणि जवळचे नातेसंबंध' हे प्रकरण गेली कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे. एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारी पोरं तेवढ्या आठवड्यात पुढे येऊन बसतात! आणि मी त्यांना ठणकावून सांगतो, "बाळांनो, प्रेम म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, सहवासाची सवय. रोज समोर दिसणारं माणूस आवडायला लागतं. दिसेनासं झालं की सवय मोडते. संपलं!"

हेच मी घरीही सांगून बसलो होतो. (कॉलेजातलं कॉलेजातच ठेवावं म्हणतात ते उगीच नाही.)

माझी बायको मंगल दरवर्षी आखाजीला माहेरी जाते. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला लेकीबाळी माहेरी जमतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. न्यायला भाऊ येतो. नवऱ्यानं मागे घर राखायचं, कुलपासारखं. आणि बोलावणं आल्याशिवाय जावयानं सणाला सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तर सासरी अगदी पक्कं.

त्या वर्षी आमचा पिंट्या नुकताच शिकायला पुण्याला गेला होता. मेव्हणा दिलीप मोटरसायकल सुरू करून उभा, मंगल पिशवी घेऊन दारात.

"अहो, राहाल ना एकटे?"

"खुशाल जा! मला काय फरक पडतोय? सवय आहे, मोडेल."

चिवडा स्टीलच्या डब्यात आहे, एवढं सांगून ती गेली.

पहिला दिवस मी राजासारखा काढला. पंखा फुल, पाय टीपॉयवर! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला तो दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायलो. दुपारी दूध उतू गेलं, पण ओरडायला कोणी नव्हतं. मग चष्मा हरवला. "अगं, माझा चष्मा कुठाय?" म्हणून मीच ओरडलो. घर गप्प. चष्मा माझा मीच शोधला आणि खरं सांगतो, सापडल्याचा काडीचाही आनंद झाला नाही. पेपर वाचताना सवयीनं "ऐकलंस का?" म्हणालो, तर फ्रिज घरघरला. पिंट्याला फोन लावला. तो म्हणाला, "पप्पा, काही काम होतं का?" काम काहीच नव्हतं.

मंगलला फोन करावा, तर सवय मोडली नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. अख्खं प्रकरण खोटं पडलं असतं! बाहेर असं ऊन, की कुत्रीसुद्धा रिक्षाखाली झोपलेली, आणि मी खिडकीशी उभा राहून त्या कुत्र्यांकडे बघत होतो. त्यांनाही दुसरं कुत्रं होतं. मला फार एकटं वाटत होतं. हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलेलं नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी जळगावच्या बसमध्ये बसून एरंडोलला उतरलो. तिथून सासरच्या खेड्यापर्यंत रिक्षा. वाटेत एकच विचार, का आलो म्हणून सांगायचं?

गावात शिरलो तर निंबाच्या झाडाला झोका, आणि झोक्यावर मंगल! पदर खोचलेला, केस सुटलेले, मोठमोठ्यानं गात होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिला अगदी छान करमत होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. गुपचूप परत फिरावं म्हणून वळलो, तेवढ्यात ओसरीतून सासूबाईंनी पाहिलं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं.

"जवाईबापू! तुम्ही? आज? काय व्हयनं?"

"काही नाही अक्का. सहज आलो."

हातातलं लाटणं तसंच धरून अक्का थिजल्या. न बोलावता जावई सणाच्या दिवशी सहज येत नसतो. तो आला म्हणजे कुणीतरी गेलं! शिवाय आखाजी म्हणजे पितरांचा सण. ओसरीवर गेलेल्यांच्या नावानं भरलेल्या घागरी मांडलेल्याच होत्या.

दिलीप पाण्याचा तांब्या घेऊन आला. "भाऊजी, खरं सांगा."

"अरे, पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला आलो होतो."

आता, मी जन्मात कधी कुठल्या देवळात चप्पल काढलेली नाही, हे या घरातल्या म्हशीलाही ठाऊक आहे.

"व माय!" अक्कांनी कपाळाला हात लावला. "जवाईबापूसनी देवले हात जोडात!"

खापरावरची पुरणपोळी करपायला लागली. शेजारच्या बायका दारात जमल्या. सगळ्यांचे चेहरे उतरलेले पाहून मी घाबरलो आणि माझ्या तोंडून आयुष्यातलं सर्वांत मूर्ख वाक्य गेलं. "आधी तुम्ही सगळे पोटभर जेवून घ्या, मग निवांत बोलू."

संपलं! आमच्याकडे मयताचा निरोप आणणारा माणूस हेच म्हणतो. एकदा बातमी फुटली की कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून आधी जेवू घालायचं. अक्कांनी हंबरडाच फोडला.

"कोन गये? सांगा ना, कोन गये?"

"कोणी नाही हो!"

"लपाडू नका!" आणि रडता रडता सुनेला म्हणाल्या, "आखो एक घागर काढ, माय." म्हणजे आणखी एक, नव्या मयताच्या नावाची!

दिलीपनं शहाण्यासारखा मोबाइल काढला आणि नातेवाइकांची हजेरी सुरू केली. पहिला फोन माझ्या वडिलांना, चाळीसगावजवळच्या आमच्या गावी. "आबा, तुम्ही बरा शेतस ना?"

आबांचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "मी त जिवत शे! पन तू हाई काब्र इचारस? मना आंडोर कथा शे?" (आंडोर म्हणजे मुलगा, अर्थात मी.)

"आठेच शे, आबा."

"मंग तो बोलत काब्र नही? मी आत्ते निंघस!" आणि फोन बंद. परत लावला तर उचलेनात.

एवढ्यात मंगल आली. झोक्यावरून तशीच धावत, अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून. सगळ्यांदेखत तिनं माझा दंड धरला.

"अहो... पिंट्या?"

तेवढा एकच शब्द. मग मात्र माझी सगळी विद्वत्ता गळून पडली.

"पिंट्या मजेत आहे गं! सगळे मजेत आहेत! मला करमेना म्हणून आलो!"

अक्कांचं रडं अर्ध्यावर थांबलं.

"काय म्हनतस?"

"करमेना."

"करमनं नही म्हनीसन उनात?"

"हो!"

आधी एक शेजारीण फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळी ओसरी! अक्का डोळे पुसत हसत होत्या, दिलीप खांबाला टेकून हसत होता. मंगल मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडावर घेतला होता, खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येत नाही. मग पदराआडूनच म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललात, आणि तेही पितरांच्या घागरींसमोर!"

हे एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुपारी आबा आले. शेजाऱ्याच्या जीपमधून, पांढऱ्या टोप्या घातलेले चार गंभीर भाऊबंद घेऊन! मला धडधाकट रस खाताना पाहिलं, कारण ऐकलं, आणि धावतपळत आलेले आबा कडाडले, "एवढासाठे माले उपाशीपोटी पयाडं?" मग ते आणि ते चार भाऊबंद पंगतीला बसले आणि दुखवट्याला आणलेली सगळी भूक त्यांनी पुरणपोळ्यांवर काढली.

संध्याकाळी मला वाटलं, आता मंगल माझ्याबरोबर निघेल. ती सांजोऱ्यांचा डबा घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "सवय आहे हो. मोडेल." आणि झोक्याकडे गेली. (पण जाताना दोनदा वळून बघितलं. मी मोजलं.) टोपीवाल्यांनी मला जीपमध्ये मधोमध बसवून एरंडोलच्या स्टँडवर सोडलं. रात्री घरी येऊन मी एकटाच सांजोऱ्या खात बसलो. गोड होत्या. घर होतं तसंच होतं.

यंदा दिलीप मंगलला न्यायला आला तेव्हा रीतसर बोलावणं घेऊन आला. "भाऊजी, अक्कांनी सांगितलंय, तुम्हीबी चला." मी हसून म्हणालो, "छे, छे! मला काय फरक पडतोय?"

आज आखाजी. हे मी धुळ्याच्या बसस्टँडवर बसून लिहितोय. समोर जळगावची गाडी लागली आहे. दिलीपला मेसेज केलाय, "सगळे जिवंत आहेत. मी निघालोय."