पूजेतला डबा

हिरामामा गाडीकडे आधी बघायचेच नाहीत. दारात कितीही महागडी, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी येऊन उभी राहो, मामा तिच्या मालकाला शेडच्या कोपऱ्यात न्यायचे, भिंतीलगत अंथरलेल्या गोणपाटाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "पैले नीचे बैठो. गाडी बाद में." माणूस बावचळायचा. आधी स्वतःच्या पँटीकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे. शेवटी तो बसायचा. मग मामा त्याला हेल्मेट घालायला लावायचे, पाय लांब करायला लावायचे, हातात भंगारातून आणलेलं एक स्टिअरिंग द्यायचे आणि समोर उकिडवे बसून त्याचं माप घ्यायचे. कुणी हसत हसत फोटो काढायला लागला की फोन खाली ठेवायला लावायचे. हसताना पाठ वाकडी होते आणि माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे. सुट्टीच्या दिवशी बंदिस्त ट्रॅकवर गाडी पळवायला जाणारे हौशी लोक आमच्याकडे येतात. गाडीतली मूळची सीट काढायची आणि तिथे रेसिंगची सीट बसवायची, हे आमचं काम. ही सीट दोन्ही बाजूंनी माणसाला धरून ठेवते, आणि पट्टा दोन्ही खांद्यांवरून येतो. बुटका माणूस कशातही मावतो. पंचाईत होते सहा फुटांच्या वरच्यांची. हेल्मेट छताला लागतं, गुडघे स्टिअरिंगला लागतात, आणि सीटच्या पाठीतली पट्टा ओवायची भोकं खांद्याच्या खाली येतात. तसा पट्टा बांधून गाडी आदळली, तर तो माणसाला खाली दाबतो आणि सगळा मार पाठीच्या कण्यावर येतो. मामा सीटखालची सरकपट्टी काढून टाकायचे, सीट जमिनीला धरून ठेवणारी ब्रॅकेट स्वतः बनवायचे, सीट जमिनीला लागेल इतकी खाली आणायचे. पट्ट्याची भोकं बसणाऱ्याच्या खांद्याला जुळत नसतील, तर ती सीट ते हातातही धरायचे नाहीत. हेल्मेट आणि छत यांत चार बोटं जागा हवी, हा त्यांचा कायदा. स्वतः मामा जेमतेम पाच फूट दोन इंच. आयुष्यात त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती.

ते तारापूरच्या बाजूच्या एका मच्छीमार गावातले. हिराजी तांडेल. उभा जन्म बोटींमध्ये इंजिनं बसवण्यात गेला. एकदा इंजिनाच्या पायाचं वेल्डिंग करून घ्यायला माझ्याकडे आले, माझं वेल्डिंग बघून मला चार शब्द सुनावले, माझ्याच हातातली मशीन काढून घेतली आणि स्वतःचं काम स्वतःच केलं. मी डिप्लोमा केलेली, कारखान्यात सहा वर्षं मेन्टेनन्स बघितलेली. मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि कालचं माझं एक काम तोडून पुन्हा करायला बसले. तेव्हापासून सात वर्षं ते रोज येत राहिले. त्यांना कामावर मी ठेवलं की त्यांनी मला, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

रागीट तर असे, की शेजारच्या शेडमधले लोक त्यांच्या आवाजावर चहाची वेळ ओळखायचे. सगळ्यात जास्त राग फोनवर मापं पाठवणाऱ्यांचा. कुणी लिहायचा, हाइट सिक्स थ्री, वेट नाइन्टी. मी ते वाचून दाखवलं की मामा हातातला पाना आपटायचे आणि गावच्या बोलीत, ळचा ल करत, म्हणायचे, "उंच हाय ते कलला. उंची पायात हाय का पाठीत, ते कोन सांगंल? माप कुल्ल्याचा घे पोरी, कागदाचा नको." आणि ते खरंच होतं. सारख्या उंचीचे दोघे गोणपाटावर शेजारी बसले, तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या कानाशी यायचं. मी हे कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते.

दुसरी चीड नट-बोल्टची. सीट ज्या बोल्टांवर बसते ते कडक पोलादाचेच हवेत, डोक्यावर आकडा कोरलेले. ते त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवले होते आणि त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आवळायचे तेही टॉर्क रेंचने, ठरलेल्या जोराला कट्ट असा आवाज येईपर्यंत. एकदा मी म्हटलं, मामा, हाताला अंदाज आहे की आता. ते म्हणाले, "अंदाजानं जाल टाकायचा. नट नाय आवलायचा. समुद्रात नट ढिला झाला तर उतरून बघता येतं काय?" मला त्या वेळी वाटलं होतं, म्हातारा फार ताणतो.

कुणाल आमच्याकडे आला तो मुंबईहून. सहा फूट चार, आणि सगळी उंची पाठीत. दुसऱ्या कुणीतरी बसवलेल्या सीटवर त्याचं हेल्मेट छताला घासत होतं आणि तो मान तिरकी करून गाडी पळवत होता. मामांनी त्याला गोणपाटावर बसवलं, पाऊण तास मापं घेतली, त्याला चालेल अशी सीट कोणती ते सांगितलं, ब्रॅकेट बनवून ठेवली. सीट परदेशातून यायची होती. ती आली नेमकी खंडेनवमीला.

आमच्या वसाहतीत खंडेनवमीला सगळी यंत्रं थांबतात. हत्यारं धुऊन पुसून पूजेत मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मामा ही पूजा एखाद्या लग्नासारखी मांडायचे. फळीवर टॉर्क रेंच मधोमध, शेजारी बोल्टांचा डबा, भोवती पाने आणि ड्रिल. कुणाल सकाळी सीट घेऊन आला तेव्हा मामांनी त्याला सरळ सांगितलं, दसऱ्यानंतर ये. एक दिवस गाडी नाही पळवली तर समुद्र आटत नाही. आणि ते दुपारी घरी निघून गेले.

कुणाल मात्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी गुजरातच्या बाजूला एका जुन्या धावपट्टीवर त्याच्या मित्रांनी दिवसभराची जागा घेतली होती. ब्रॅकेट तयार, सीट तयार, फक्त बोल्ट लावायचे. त्याने आधी विनवलं, मग आवाज चढवला, आणि मग शांतपणे विचारलं, "आप इंजिनियर हैं या पुजारी?"

हे वाक्य मला झोंबलं. आज त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. चिडायचं ते स्वतःवरच. मी त्याला इंजिनियर असल्याचं दाखवायला निघाले. सीट बसवायला घेतली. पण पूजेतल्या फळीपाशी गेले आणि माझा हात पुढे होईना. मामा काय म्हणतील, देवाला काय वाटेल, असलं काहीतरी मनात आलं. मग मी डबा तसाच राहू दिला, टॉर्क रेंचही राहू दिला. ड्रॉवरमध्ये साधे, डोक्यावर आकडा नसलेले बोल्ट पडले होते, ते घेतले. पूजेत न मांडलेला एक जुना पाना घेतला आणि हाताच्या अंदाजाने आवळले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, परवा बदलू. धड इंजिनियर नाही, धड पुजारी नाही. कुणाल खूश होऊन गेला आणि मीही खूश होते, याची मला आजही किळस येते.

दसऱ्याला सकाळी मामा नवा सदरा घालून, आपट्याची पानं घेऊन आले. ब्रॅकेटच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, कोपऱ्यातलं सीटचं फाटलेलं खोकं बघितलं. मी काही बोलायच्या आत ते पूजेपाशी गेले. डब्याच्या झाकणावरचं कुंकू जसंच्या तसं होतं.

"डबा तर इथंच हाय," ते म्हणाले. "मग गाडीला लावलंस काय?"

मी सांगितलं. एरवी चहा गार आला तरी शेड डोक्यावर घेणारा हा माणूस त्या दिवशी ओरडला नाही. ते ओरडले असते तर मी भांडले असते. मला भांडण येतं. त्यांनी फक्त कुणालला फोन लावायला सांगितलं. फोन वाजत राहिला. ट्रॅकवर गेल्यावर फोन कोण उचलणार? मग मामांनी पूजा न उतरवताच फळीवरून टॉर्क रेंच उचलला. ज्या पूजेतली सुपारी हलली तरी ते मला बोलायचे, त्या पूजेतून. नव्या सदऱ्याच्या टोकाने त्यावरचं हळदकुंकू पुसलं, डबा काखेत मारला आणि माझ्या गाडीत जाऊन बसले.

चिल्हार फाट्याला आम्ही हायवेला लागलो आणि पुढे दोन तास ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. डबा मांडीवर घट्ट धरलेला. मी मात्र मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. तुमच्याच पूजेपायी झालं हे, तुमच्याच धाकापायी झालं. प्रत्येक सिग्नलला माझं म्हणणं मला जास्त पटत होतं आणि प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्सच्या आवाजाला मी वेग वाढवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा कुणाल फेऱ्या मारत होता. फाटकावरच्या माणसाने आम्हाला अडवलं. कुणाल पाणी प्यायला गाडी ट्रॅकबाहेर आणून थांबला, तसे मामा वाकून त्या माणसाच्या हाताखालून गेले आणि गाडीपुढे उभे राहिले. कुणाल हेल्मेट काढून चकित होऊन बघत होता. त्याचे मित्र हसत होते. मामांनी सदऱ्याच्या खिशातून आपट्याचं पान काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "दसरा हाय. सोना देने को आया," म्हणाले. "और सीट एक बार देखने का है. नया सीट है ना."

मग ते गाडीत वाकले. मी बाजूला उभी होते, मला दिसत होतं. उजवीकडच्या पुढच्या बोल्टला त्यांनी पाना लावलाच नाही. तो बोटांनी फिरला. दोन वळसे, तीन वळसे, आणि बोल्ट त्यांच्या हातात आला. कुणालला ते दिसू नये म्हणून त्यांनी मूठ मिटली. बाकीचे एकेक काढले, डब्यातले लावले, आणि प्रत्येक बोल्ट कट्ट असा आवाज येईपर्यंत आवळला. मग कुणालला आत बसवून, पट्टा बांधायला लावून, हेल्मेट आणि छत यांच्यात स्वतःची चार बोटं घालून बघितली. "अब जाओ," म्हणाले. कुणालने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

परत येताना त्यांनी मूठ उघडली आणि तो बोल्ट माझ्या गाडीत समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी शेडवर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने मी त्यांच्या गावी गेले. किनाऱ्यावर ओढलेल्या एका बोटीत ते इंजिनाचा पाया ठोकत होते. मी माफी मागितली. ते काम करत राहिले. मग मात्र मी चिडले. म्हटलं, चूक झाली ती झाली, पण तुमच्या पूजेला हात लावला नाही म्हणून झाली, हे तरी धराल की नाही? देवाचा मान राखला, तुमचा मान राखला, त्याचीच शिक्षा देताय.

मामांनी हातोडा खाली ठेवला.

"तू देवाला भ्यालीस," ते म्हणाले. "मला भ्यालीस. सीटवर बसनाऱ्यासाठी नाय भ्यालीस. तुझ्यासंगती आता नाय जमायचा मला."

ते पुन्हा आले नाहीत. मला त्यांचा राग होता आणि तो चांगला दोन वर्षं टिकला. सात वर्षांचं काम एका बोल्टावर तोडणारा हेकट म्हातारा, असं मी स्वतःला सांगत राहिले. मागच्या पावसाळ्यानंतर ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. मामी म्हणाल्या, "गुडघे दुकतात म्हनून तुजी शेड सोडली, असंच सांगायचे. तुजा नाव चांगलाच काडायचे." त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गावात नाही, वसाहतीत नाही, कुणालाच नाही. माझी अब्रू त्यांनी झाकली आणि मला मात्र माफ केलं नाही. यातलं एकच काहीतरी केलं असतं तर मला सोपं गेलं असतं, आणि या गोष्टीचा मला त्यांच्यावर अजून राग आहे.

घरी येऊन मी कुणालला फोन करून मामा गेल्याचं सांगितलं. तो खरंच हळहळला. दसऱ्याला दोन तास प्रवास करून सोनं द्यायला आलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट त्याने मित्रांना शंभरदा सांगितली होती. ते पान अजून गाडीत आहे म्हणाला. मी म्हटलं, ते सोनं द्यायला आले नव्हते. आणि बोल्टाचं सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवला. त्याची गाडी आता दुसरीकडे जाते. बरोबरच आहे.

गोणपाट अजून त्याच कोपऱ्यात आहे. कुणी उंच माणूस आला की मी त्याला खाली बसवते, हेल्मेट घालायला लावते, आणि माप घेण्याआधी तो बोल्ट त्याच्या हातात देते. हा मी लावला होता आणि हा बोटांनी निघाला, असं सांगते. आतापर्यंत दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि त्यांचं माप मी घेतलं.