एकाला हिरवं, एकाला लाल

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. त्या पोराला स्टेजवर नेऊन पाय धरायला लावायचं, ही कल्पना स्टेजवरच्या कुणाची नव्हती. माझी होती.

तीन वर्षं झाली. एरंडोलकडच्या एका गावात कबड्डीचे सामने होते आणि मी सरपंच होतो. गावचा नव्हे, सामन्याचा. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गळ्यात शिट्टी, खिशात तीन कार्डं. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे थोडा वेळ बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. गुडघा मारला, ठोसा मारला, तर काय द्यायचं ते नियमात लिहिलेलं आहे. मला पाठ आहे.

सुकलाल चढाईला आला. यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. बाप केळीच्या कापणीवर, पोरगाही सुट्टीत कापणीवर. ओल्या बागेतून खांद्यावर घड घेऊन पळणाऱ्याच्या पायांत जो तोल येतो, तो त्याच्या पायांत होता. समोरच्यांना तो धरवतच नव्हता. लोक खूश होते. एक म्हातारा यजमान संघाला ओरडून म्हणाला, "अय, केळीना घड शे समजा अन् उचला त्याले!" सगळे हसले. सुकलालही हसला.

यजमान संघात बंटी होता. नानांचा पुतण्या. नाना म्हणजे बक्षीस त्यांचं, मंडप त्यांचा, आम्हा पंचांचं जेवणही त्यांच्याच घरून. बंटी विशीचा असेल नसेल, पण पिकल्या केसांची माणसं त्याला बंटीभाऊ म्हणायची. मीही म्हणायचो.

बंटीनं सुकलालची पकड केली. चांगली पकड होती. मी शिट्टी वाजवली. माइकवाला ओरडला, "ही पकड नाही मंडळी, हा बुलडोझर आहे!" सुकलाल खाली पडलेला. शिट्टी वाजून गेली होती, बाकीचे बाजूला झाले होते, आणि तेव्हा बंटीनं खाली पडलेल्या पोराच्या तोंडावर गुडघा घातला. मी इतक्या जवळ होतो की आवाज ऐकू आला. सुकलालनं मातीत थुंकलं तर रक्ताबरोबर दात आला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मैदानात राडा झाला की माइकवरून पुकारतात, "पंचांनी स्टेजकडे यावं." पंच जातो. स्टेजवर दोन शब्द होतात, चहाचा कप पुढे होतो. मग पंच परत येऊन कार्ड दाखवतो. त्या दिवशी तर मला कुणी पुकारलंही नव्हतं. मीच मान वळवून स्टेजकडे पाहिलं. नाना शेजाऱ्याशी बोलत होते. त्यांचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

मी हिरवं कार्ड काढलं.

सुकलाल उठला. कार्डाकडे पाहिलं. बंटीकडे गेला आणि त्याच्या कानाखाली एक वाजवली. एकच.

मी लाल कार्ड काढलं. त्यासाठी मला स्टेजकडे बघावं लागलं नाही.

मग गोंधळ. बंटीची पोरं खुर्च्या उचलून आत आली. "कोण रे तू? कोणावर हात टाकतो?" आता माइकवरून मला पुकारलं. मी गेलो. नाना म्हणाले, "काय सरपंच, काय करायचं आता याचं?"

मी म्हणालो, "नाना, पोरगं तुमचे पाय धरील. मिटवून टाका."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे सुचलं नव्हतं. मग म्हणाले, "आण मग."

मी सुकलालला दंडाला धरून आणलं. माइकवाला म्हणत होता, "खेळाडू नानांची माफी मागायला येतोय, नानांचं मन मोठं आहे, टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. पायरीशी सुकलाल थांबला. ओठ सुजून वर आला होता, बोलताना रक्त येत होतं.

"सर, तुम्ही देखं ना?"

"चल. पाय धर, मिटून जाईल."

"तुम्ही देखं का नही, तेवढं सांगा."

"मला नियम शिकवू नको."

"मंग मी पाय नही धरसू."

त्यानं माझा हात दंडावरून काढला. झटकला नाही, काढला. आणि त्या खुर्च्यावाल्या पोरांच्या मधून चालत गेला. मागे त्याचा सगळा संघ. त्याला कुणी बोट लावलं नाही. पोरगं मार खाईल म्हणून मी मधे पडलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. कुणी बोट लावलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नानांचा अपमान झाला होता. गोष्ट जिल्ह्याच्या शिस्त समितीपुढे गेली. मला बोलावलं. विचारलं, "थप्पड मारायच्या आधी काय झालं होतं?"

मी म्हणालो, "काही खास नाही. खेळाचा भाग."

सुकलालला दोन वर्षं बंदी. बंटीला काहीच नाही. त्या हिवाळ्यात तो निवड चाचणीत उभा होता, तेल लावून, नव्या निकरमध्ये. सुकलालचं वीस वर्षांच्या आतल्या गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याकडून खेळून राज्यात नंबर आला तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. पायथ्याच्या गावातली पोरं त्या एका वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात. मला ते माहीत होतं. मीही कधी तसाच बसलो होतो.

पाय धरायची गोष्ट मला सुचली कुठून, तेही सांगतो.

मी खेळायचो तेव्हा आमचा संघ सोनगीरकडे गेला होता. आम्ही सगळे मजुरांची पोरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेली. तिथल्या मालदार घरच्या एका खेळाडूनं माझ्या बरगडीत कोपर घातलं. पुन्हा घातलं. पंच दुसरीकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा मी त्याला ढकललं आणि मला बाहेर काढलं. स्टेजवर नेलं. तो आधीच तिथे खुर्चीवर जाऊन बसला होता, बापाच्या शेजारी. आमचा कप्तान कानात म्हणाला, "धर बाबा, घरी जायचंय." मी वाकलो. त्याच्या बुटाची लेस सुटलेली होती. तो वरून म्हणाला, "आता धरलेच आहेस तर लेस बांध."

मैदान हसलं. मी बांधली. दोनदा बांधावी लागली, पहिली गाठ सुटली म्हणून.

आणि खरंच मिटलं. बंदी नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात मी खेळलो. कप्तान म्हणाला, "बघ, काय झिजलं तुझं?" मला ते पटलं. माझ्या आत काहीतरी असं बसलं, की हे असंच असतं, गोळी कडू असते पण उतार पडतो. पंच झालो तेव्हा लोकांना सांगायचो, आपल्यासारख्यांना न्याय मिळावा म्हणून झालो. आणि न्यायाची वेळ आली तेव्हा मला जी गोळी मिळाली होती, तीच काढून मी त्या पोरापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही. त्या दिवशी प्रथम मला कळलं की नाही म्हणता येत होतं. सोनगीरलाही म्हणता आलं असतं.

कळलं म्हणून काय झालं? काही झालं नाही. मी शिट्टी वाजवत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याकडे एका सामन्यात यजमानांच्या पोरानं पडलेल्याच्या मानेवर लाथ मारली. मी लाल काढलं. माइक म्हणाला, "पंचांनी स्टेजकडे यावं." मी रेषेवर उभा राहिलो. "पंचांनी कृपया स्टेजकडे यावं." मी हललो नाही. वाटलं, आता शिव्या येतील, मार येईल. तसलं काही झालं नाही. एक कार्यकर्ता आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, ऊन लागलं वाटतं. सावलीत बसा, सरबत घ्या." माझ्या जागी दुसरा पंच उभा राहिला. लाथ मारणारं पोरगं आत आलं. सामना सुरू झाला. मी सरबताचा ग्लास धरून पाहत बसलो.

त्यानंतर मी यावलला गेलो. सुकलाल एका बागेच्या कडेला ट्रकमध्ये घड रचत होता. पुढचा दात नव्हता. मला ओळखलं. "बसा सर," म्हणाला, पाण्याची बाटली दिली. मी म्हणालो, समितीपुढे खरं सांगतो.

"मनं वय निघी गयं सर. आते काय सांगशात?"

मी बाटली खाली ठेवली.

घड रचता रचता तो म्हणाला, "सांगनं शे तर तठे सांगा. बठ्ठासना समोर." म्हणजे त्याच मैदानात, सगळ्यांसमोर. आणि हाक आली तसा तो ट्रकच्या मागे गेला. माफ केलं म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही.

तरी आधी मी समितीपुढे गेलो. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, खेळाचा भाग हे तुम्हीच म्हणालात ना? आता काय मोतीबिंदू काढला का?" शेजारचे दोघं हसले. मग सावकाश म्हणाले, "प्रकरण मिटलंय. पुन्हा काढलंत तर तुम्हाला सामने मिळणार नाहीत." तेव्हापासून मिळालेले नाहीत.

एरंडोलकडच्या त्या गावात यंदाही सामने आहेत. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. माइक मिळणार नाही, तर मध्यरेषेवर उभा राहून ओरडून सांगेन. बाहेर काढतील. पुन्हा आत जाईन. यानं सुकलालला काहीही मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची भरती गेली ती गेली.

बंटीनं शिट्टीनंतर गुडघा मारला. मी पाहिलं. मी खोटं बोललो. हे त्या मैदानात, त्याच लोकांसमोर, सुकलालचं नाव घेऊन सांगणं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.