आक्कांच्या अंगात येणारी देवी

दोस्तांनो, आज दुपारी माण तालुक्यातल्या एका गावात जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आम्ही काही रुग्ण गावोगाव जाऊन चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याविषयी सांगतो. या आजारात गालातून विजेसारखी कळ जाते. बोलणं, वाऱ्याची झुळूक, साधा स्पर्शही त्याला पुरतो.

देवळासमोर आमच्यातल्याच एक रुग्ण, सुनंदाताई, बोलत होत्या. अर्ध्या वाक्यात त्या थांबल्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात हवेत तसाच.

"आगं बया, अंगात आलं!" कुणीतरी म्हणालं. बायका सुनंदाताईंच्या गालाला हळद लावायला पुढं सरसावल्या. "बोल आई, काय पाहिजे तुला?"

मी "थांबा" म्हणेपर्यंत मागून आवाज आला, "शिवू नगा तिला! लय जळतंय तिचं."

त्या आक्का होत्या. त्यांच्या अंगात दर अमावास्येला देवी येते, असं गाव मानतं.

"आक्का, तुमाला कसं ठावं?" एका बाईनं विचारलं.

आक्कांनी पदर गालापासून लांब धरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "मला बी ह्येच व्हतंय. तुमी हळद लावता, तवा मी किंचाळते. तुमी म्हणता, देवी बोलली."

हळदीचे हात तसेच राहिले. कुणी कुणाकडं बघेना.

मी देव मानणारा माणूस आहे, पुढंही मानीन. पण तुमच्या गावातही असं कुणी किंचाळतं का? त्यांना कुणी कधी विचारलंय का, "कुठं दुखतंय?"