म्हातारीची हजेरी

मी मुरबाडच्या एका शाळेत गणित शिकवतो. हजेरी घेण्यात अख्ख्या तालुक्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. ही बढाई नसून तक्रार आहे, आणि ती माझ्या बायकोची. घरी पाहुणे सांगितल्यापेक्षा उशिरा आले तर मी त्यांच्यासमोर घड्याळाकडे बघतो म्हणे. अशा माणसाला कुणी खेळायला बोलावू नये. पण भातसानगरच्या काकांनी बोलावलं, आणि पुढचं सगळं रामायण झालं.

काका धरणावर नोकरीला होते, पाण्याची पातळी लिहायचे. इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा सुट्टीत पुण्याहून आला तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतच्या चित्रविचित्र फाशांची थैली घरी विसरून गेला. काकांनी डिक्शनरी घेऊन पावसाळाभर ते पुस्तक वाचलं. त्यांची लेक मुरबाडात दिलेली, त्यामुळे रविवारी ते इकडेच असत. एका रविवारी ते एस.टी. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात खेळाचे तक्ते काढायला आले. मी तिथे चाचणीच्या प्रश्नपत्रिकांसाठी उभा होतो. दुकान चालवणाऱ्या ताईंनी तक्ता मशीनवर ठेवता ठेवता विचारलं, "काका, हे रेशनचं आहे का?" त्यावर काका तासभर बोलले. पुढच्या रविवारपासून अर्धं शटर खाली ओढून आम्ही तिघं तिथे बसू लागलो.

खेळ सांगायचा तर मोठ्या माणसांची भातुकली. प्रत्येकाने एक पात्र तयार करायचं, त्याचा तक्ता भरायचा. काका गोष्ट सांगणार: समोर जंगल आहे, गुहा आहे, काय करता? आपण सांगायचं, फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते काका ठरवणार. पात्राला सहा गुण असतात. आम्ही त्यांना ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशी नावं दिली होती. ठरावीक गुण मिळतात, ते सहा जागी वाटायचे. एखादी उणीव स्वतःहून घेतली तर थोडे जादा मिळतात.

माझं वजन बावन्न किलो आहे. खडू संपला तर दुसरा आणायला मी मुलांना पाठवतो, कारण जिन्याने दम लागतो. मी साडेसहा फुटी योद्धा तयार केला, छातीपर्यंत दाढी, खांद्यावर कुऱ्हाड. ताकद अठरा ठेवली. शहाणपणाला तीन उरले.

"सर, शहाणपण तीनच?" काकांनी विचारलं.

"लागतं कुठे एवढं?" मी म्हटलं.

आणि जादा गुणांसाठी मी उणीव घेतली: फुलपाखरांची भीती. जंगलात राक्षस असतात, फुलपाखरं कोण आणतंय, असा माझा गणिती हिशेब. काकांनी दर दुसऱ्या रविवारी फुलपाखरं आणली. माझा योद्धा तीनदा झाडावर चढून बसला. ताईंनी एक चोर बाई तयार केली होती, ती दर वेळी खाली उभी राहून मला सांगायची की गेली हो, उतरा आता.

खेळ काका चालवत, नियम मी चालवत असे. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. पण पुस्तकातले नियम इंग्रजीत, शिवाय आपल्या सोयीचे नाहीत, म्हणून मी शाळेतलं एक कोरं रजिस्टर आणून त्यात आमचे घरचे नियम लिहायला घेतले. फासा मशीनखाली गेला तर पुन्हा टाकायचा, हा पहिला. तो माझा फासा एकावर पडला त्या दिवशी केला. पुढच्या रविवारी ताईंचा फासा मशीनखाली जाऊन वीसवर थांबला, तेव्हा मी हाच नियम मोठ्याने वाचून दाखवला. ताईंनी मला त्या दिवशी चहात साखर घातली नाही. बरेचसे नियम असेच, मी हरलो त्या रविवारी जन्माला आलेले. सातवा मात्र केवळ स्वभावातून आला: सलग तीन रविवार गैरहजर आणि तिसऱ्या रविवारीही लेखी अर्ज नाही, असे पात्र मयत समजावे. खाली हजेरीपट आखला. तिघांची हजेरी.

गणपतीनंतर चौथा आला. तो वैशाखऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतला, गवंडीकाम करणारा, पस्तिशीचा. मुलीच्या शाळेसाठी दाखल्यांच्या प्रती काढायला आला होता. प्रती झाल्या तरी दारात उभाच.

"हा पत्त्यांचा डाव नाय," तो म्हणाला. "मग काय हाय?"

काकांनी त्याला आत घेतलं. बाकी आम्ही दोघं कुठल्याही नव्या जागी गेलो की खजिना कुठे आहे ते विचारायचो. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या रानात पानी कुठं हाय?" काकांनी पुस्तक मिटलं आणि दोन मिनिटं विचार केला. पाणी कुठे आहे हे त्यांनी ठरवलंच नव्हतं, धरणावर जन्म काढलेल्या माणसाने.

त्याने पात्र केलं ते एका म्हाताऱ्या वाटाडीचं, लोकांना रानातून वाट दाखवणारी बाई. ताकद चार. शहाणपण अठरा. उणीव म्हणून गुडघेदुखी.

"अहो, ही पहिल्याच लढाईत जाईल," मी म्हटलं.

"म्हातारीला कोन मारत नाय, सर," तो म्हणाला.

आणि खरंच कुणी मारलं नाही. ती येईल तिथे राक्षस बाजूला सरायचे, गावकरी जेवायला घालायचे, आणि माझा योद्धा तिचं गाठोडं उचलून मागे चालायचा. आमचा गवंडी दर रविवारी घरी जाऊन मुलीला सगळं सांगायचा. चौथीतली मुलगी, ती पुढच्या रविवारसाठी निरोप द्यायची: म्हातारीला सांगा, नदी रातची ओलांडायची नाय. आम्ही ते मानायचो. त्याच्या मुलीचा सल्ला माझ्या योद्ध्यापेक्षा बरा असायचा, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आवडत नव्हतं.

दिवाळी झाली आणि तो कुटुंबासकट वीटभट्टीवर जायला निघाला. जाण्याआधी ताईंकडून म्हातारीच्या तक्त्याची एक प्रत काढून घेतली, पोरीला दाखवायला म्हणून. "पावसाच्या आदी येतो," म्हणाला.

"अर्ज देऊन जा," मी म्हटलं.

तो मनापासून हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

तिसऱ्या रविवारी मी रजिस्टर उघडलं आणि सातवा नियम वाचला. काका म्हणाले, "अहो, सांगून गेलाय तो." मी म्हटलं, तोंडी सांगितलेलं ग्राह्य नाही, आज एकाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. सगळेच म्हणजे ताई आणि मी. काकांनी चष्मा काढून पुसला आणि शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसं म्हणाले, "म्हातारी दरीत पडली." मी लाल पेनाने तिच्या रकान्यात मयत असं लिहिलं, आणि खरं सांगतो, अक्षर छान आलं म्हणून मला बरंही वाटलं.

त्यानंतर आम्हाला वाट दाखवणारं कुणी राहिलं नाही. दिवाळीआधी दरीपलीकडे दिसलेल्या गुहेत आम्ही शिरलो आणि थंडीभर, उन्हाळाभर तिच्यातच फिरत राहिलो. दर रविवारी काका सांगायचे, समोर तीन फाटे आहेत, आणि आम्ही फासा टाकून पुन्हा त्याच फाट्यावर यायचो. ताई एकदा म्हणाल्या, "म्हातारी असती तर..." आणि माझ्याकडे बघून चहाचे कप उचलायला लागल्या.

मेअखेरीस तो परत आला. पिशवीत आमच्यासाठी करवंदं होती. शटरखालून वाकून आत येता येताच त्याने विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

ताईंनी मशीन पुसायला घेतलं. मग मीच नियम सांगितला. तो ऐकून घेतला त्याने, एकदम शांतपणे. मग म्हणाला, "मग मी पोरीला काय सांगू?"

यावर एखाद्या बऱ्या माणसाने काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. मी म्हटलं, "सांगा, खेळ आहे."

तो "बरं" म्हणाला. काकांनी नवा तक्ता पुढे केला, तो त्याने घडी घालून खिशात ठेवला, आणि पुढचे दोन रविवार आला नाही. करवंदं मी घरी नेली होती. ती घशाखाली उतरेनात, बायकोने खाल्ली.

आणि मग मी पडलो. शाळेत स्टाफरूमच्या भिंतीवर शिक्षकांसाठीची नियमावली लावत होतो, ती सरळ लागली आहे का ते बघायला स्टुलावरच मागे सरकलो. पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या रविवारी मी मोबाइलवर ग्रुपमध्ये अर्ज टाकला, विषय, महोदय, आपला आज्ञाधारक, सगळं व्यवस्थित. ताईंनी अंगठा पाठवला. दुसऱ्या रविवारी पुन्हा अर्ज, पुन्हा अंगठा. तिसऱ्या रविवारी मी लिहायला बसलो आणि लिहवेना. रजेचा अर्ज लिहिणं मला येत होतं, त्याला येत नव्हतं का? येत होतं. पण पोटासाठी भट्टीवर निघालेल्या माणसाकडे तो मागायची लाज मला तेव्हाच वाटायला हवी होती, ती आता वाटत होती. मी अर्ज टाकला नाही. नियमाप्रमाणे माझा योद्धा मरायला हवा, मरू दे, असं स्वतःला बजावलं. मग दिवसभर फोन उलटसुलट करून बघत राहिलो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पाय उशीवर, डोळ्यांत पाणी, कागदावरच्या एका दाढीवाल्यासाठी.

प्लास्टर निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी काठी टेकत दुकानात गेलो. आत तो बसला होता, वैशाखऱ्याचा, आणि त्याच्यासमोर माझ्या योद्ध्याचा तक्ता होता.

"या सर," तो म्हणाला. "तुमचा गडी बरा हाय. पाय मोडलाय त्याचाबी."

ताईंनी सांगितलं. माझ्या पहिल्याच गैरहजेरीला तो आला होता, नवा तक्ता कोराच घेऊन. तिसऱ्या रविवारी अर्ज आला नाही म्हणून काकांनी सातवा नियम काढला. हा म्हणाला, सरांना मी उचलतो. तेव्हापासून तो माझा योद्धा खेळत होता, एकदाही लढाईत न घालता. गुहेच्या तोंडाशी बसवून त्याला चिंचा फोडायला लावल्या होत्या. एकदा फुलपाखरू आलं तर डोळ्यांवर हात ठेवला त्याच्या.  मी बसलो ते बराच वेळ काठीच नीट ठेवत राहिलो.

"म्हातारीला परत आणू या," मी शेवटी म्हटलं. "चूक माझी होती. नियम खोडतो मी."

"खोडू नका," तो म्हणाला. "मेलेलं असं उठवायला लागलो तर पोरीला पटायचं नाय. ती लय बारीक बघते." मग पिशवी पुढे ओढून म्हणाला, "पन सर, मी तिला सांगितलंच नाय अजून. काय सांगनार? भट्टीवर रोज सांजच्याला खेळायचो आमी. ती अजूनबी खेळते."

त्याने पिशवीतून दाखल्यांची प्लास्टिकची थैली काढली. तिच्यात ती झेरॉक्स होती, घड्यांवर फाटलेली, विटेच्या मातीने तांबूस झालेली. मागच्या बाजूला मुलीच्या अक्षरात मुक्काम लिहिलेले: कुठे पाणी मिळालं, कोण भेटलं, गुडघा किती दुखला. आणि थैलीच्या तळाशी एक फासा, सहा बाजूंचा, विटेच्या मातीचा, भट्टीत भाजलेला. ठिपके काडीने टोचलेले.

काकांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. कागद मी वाचला. दरी ओलांडून, गुहेला वळसा घालून, म्हातारी दोन डोंगर पलीकडे पोचली होती. आम्ही जिथे उन्हाळाभर आपटत होतो ती गुहा तिने पहिल्याच आठवड्यात टाळली होती. त्यापुढे लिहिलं होतं: आत वाट नाय.

मी सातवा नियम पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम मी कुणाला आत घेण्यासाठी वाचत होतो. पात्र गैरहजर नको, म्हणजे ते खेळलं गेलं पाहिजे, एवढंच त्यात होतं. फासा मुरबाडातच पडला पाहिजे असं कुठेही नव्हतं. मी तसं मोठ्याने म्हटलं. काका म्हणाले, "मग दरीत कोण पडलं?"

"तुम्ही नीट बघितलं नसेल," ताई म्हणाल्या. "धुकं होतं."

मी मयत खोडलं. खाडाखोड मला सहन होत नाही, तरी खोडलं. आणि दिवाळीपासूनच्या एकेका रविवारी म्हातारीच्या रकान्यात हजर लिहीत गेलो. मग माझ्या रकान्यात तिसऱ्या रविवारपासून गैरहजर, विनाअर्ज.

"आता आमी तुमच्या मागं यायचं कसं, ते विचारा पोरीला," मी त्याला त्याच्याच बोलीत म्हटलं. त्याला त्याचं हसू आलं.

पुढच्या रविवारी मुलीचा निरोप आला. म्हातारी वाटेवर दगडांच्या खुणा ठेवत जाईल. चोर बाईने लगेच निघावं. लंगड्या योद्ध्याला न्यायचं की नाही, ते मात्र बघावं लागेल. त्याने आधी अर्ज द्यावा, लेखी.

मी अर्ज दिला आहे. दोन पानी आहे, एकदा फाडून पुन्हा लिहिलेला, आणि त्यात माफी हा शब्द दोनदा आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर माझा योद्धा गुहेच्या तोंडाशी चिंचा फोडत बसला आहे.