विटकरी भिंतीची खोली

मुरूमच्या स्टँडावरून मी पहिल्यांदा पुण्याला निघालो, तेव्हा वडिलांनी, आण्णांनी, माझी पेटी सीटखाली सरकवली. कंडक्टरला दोनदा सांगितलं, "पोरगं नवं हाय, नीट उतरवा," आणि गाडी उमरग्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. आई आली नव्हती. शेरडं सोडायची वेळ होती.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी, लग्न, मग फ्लॅट. माझी बायको केतकी पुण्याचीच. फ्लॅट घेतल्यावर कितीतरी दिवस ती रंगांची कार्डं भिंतीला लावून बघत होती. शेवटी हॉलची एक भिंत विटकरी, बाकीच्या बदामी, पडदे हळदी, सोफ्यावर मोहरी रंगाच्या उशा आणि पिवळसर उजेडाचे दिवे. याला 'वॉर्म टोन' म्हणतात. संध्याकाळी दिवे लागले की घर खरंच उबदार दिसतं. मलाही ते फार आवडतं.

वास्तुशांतीला आई-आण्णा आले. केतकीनं आईला पडद्यांना शोभेल अशी हळदी साडी नेसवली. आण्णा विटकरी भिंतीवरून हात फिरवत राहिले. आई मात्र खालीच बसली. "वर बस की," म्हणालो, तर म्हणाली, "नगं बाबा, डाग पडंल." तिच्या मांडीवर बसून आमची लेक ओवी म्हणाली, "आजी, तुमचं घर असं का नाही? तिथं अंधार असतो. मला भीती वाटते."

सगळे हसले. आईही हसली. मुरूमच्या घराची पुढची खोली नीळ घातलेल्या चुन्याची, एका बारक्या खिडकीची. तिथं ओवी रडते, म्हणून आम्ही गावाकडं गेलो तरी मुक्कामाला सोलापुरात केतकीच्या मावशीकडं जायचो. आईला सांगायचो, सकाळी लवकर निघायचंय, सोलापूर बरं पडतं. खरं कारण तिला त्या दिवशी कळलं.

दिवाळीत आम्ही दुपारी पोचलो. संध्याकाळी सोलापूर गाठायचं नेहमीसारखं ठरलेलं. आण्णा दारातच म्हणाले, "आधी हिकडं या," आणि त्यांनी पुढच्या खोलीचं कुलूप काढलं.

एक भिंत विटकरी. बाकीच्या बदामी म्हणायच्या, पण केशरीकडं झुकलेल्या. वर पिवळा बल्ब. खिडकी मोठी करून घेतलेली आणि तिला हळदी पडदा. पडद्याचे काठ ओळखीचे वाटले. वास्तुशांतीची साडी होती ती.

"दुकानदाराला फोनमधला तुमचा फोटू दावला," आण्णा म्हणाले. "त्यानं रंग कालवून दिला. जरा भडक झालाय, व्हय?"

"नाही, आण्णा. लई छान झालाय," केतकी म्हणाली. 'लई' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"आता पोरगी भ्यायची न्हाय," आई म्हणाली. ओवी तोवर पलंगावर उड्या मारत होती.

पाणी प्यायला मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. शेजारी आण्णांचा चष्मा आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली.

"आई, तुम्ही इथं झोपता? गार फरशीवर?"

"आमच्या अंगाला शेरडांचा वास, हाताला माती. भित्ती खराब व्हत्यात. ती खोली तुमच्यासाठी केलीया."

केतकी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनंच मावशीला फोन करून सांगितलं की येत नाही. भाऊबीजेपर्यंत राहिलो. निघताना मी त्या खोलीचं कुलूप काढून बॅगेत टाकलं. म्हणालो, "आता इथंच झोपायचं." आण्णांनी 'बरं' म्हणून मान हलवली.

आता रोज व्हिडिओ कॉलवर मी विचारतो, "आई, कुठं झोपता?"

"खोलीतच की," ती म्हणते. तिच्या मागं मांडणीवरची पातेली दिसत असतात.

माझ्या मागं विटकरी भिंत असते, पिवळसर दिवा असतो. घर म्हटलं की आता ही भिंत डोळ्यांपुढं येत नाही. तिकडची येते, जरा भडक, आमच्यासाठी स्वच्छ राखलेली. आणि पलीकडं फरशीवर अंथरूण घालणारी ती दोघं.