खाली सोडलेले नंबर

शालिग्राम भोयर यांना काळजी करण्याचा चौतीस वर्षांचा सराव होता. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर लोडिंग क्लार्क होते. मालगाडीच्या वाघिणीला सील लागायचं, गाडी सुटायची, शेवटचा डबा दिसेनासा व्हायचा, तरी हे तिथेच उभे राहून सील नीट लागलं होतं का याचा विचार करत राहायचे. रायपूरच्या गुढियारीतल्या घरातून निघताना ते कुलूप तीनदा ओढून पाहत. एकदा तर बायको शारदाबाई आत असतानाच लावून, ओढून, समाधानाने निघून गेले होते.

निवृत्तीनंतर समता कॉलोनीतल्या एका छोट्या कंपनीला ‘मराठी उतारे लोडिंगसाठी’ माणूस हवा असल्याचं त्यांच्या कानावर आलं. लोडिंग हा शब्द ऐकून ते धावले आणि उतारे हा शब्द ऐकून शारदाबाई हबकल्या. लिंबं अन् काळ्या बाहुल्या गाडीत भरायच्या हायेत काय, असं त्यांनी विचारलं.

काम मात्र सज्जन होतं. गावोगावच्या लोकांनी फोनवर हिंदी, छत्तीसगढी किंवा मराठीत प्रश्न विचारायचा आणि मशीनने योग्य उतारा शोधून वाचून दाखवायचा. कोणत्या प्रश्नाला कितव्या नंबरचा उतारा, हे दुसरीकडे आधीच ठरलं होतं. इथे फक्त उतारे त्याच क्रमाने मशीनमध्ये भरायचे. नंबर लिहावा लागत नसे, मशीन वरून ओळी मोजत येई. शालिग्रामजींना हे लगेच पटलं. ही गाडीच होती, चार हजार दोनशे डब्यांची.

कंपनीची मालकीण अनुश्री एकतीस वर्षांची. तिचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. तिला मराठी सगळी समजे आणि उत्तर ती हिंदीत देई. शालिग्रामजी तिला रोज टोचत. “मराठी घरची पोट्टी तू, अन् हिंदी काहून बोलून राहिली?” महिनाभर टोचून घेतल्यावर ती बिचारी मराठी बोलू लागली.

आणि आज नवा रायपूरहून, हे काम देणाऱ्या ऑफिसातून, ऋता मॅडम तपासणीला येणार होत्या, दुपारी चार वाजता. रायपुरात मराठीत कोण विचारतं, असं त्यांच्या ऑफिसात आधीच चाललं होतं. मराठीत एक जरी खोट निघाली तर मराठी कायमची बंद, म्हणजे शालिग्रामजी पुन्हा निवृत्त. पहिली निवृत्ती त्यांनी कशीबशी सोसली होती. पंख्याकडे पाहत काढलेले ते आठ महिने त्यांना पुन्हा नको होते.

अकरा वाजता अनुश्रीने ऑफिसातच आधी एक चाचणी घेतली. तान्ह्या बाळाला सारखी उचकी लागली तर काय करावं, असं तिने मराठीत विचारलं. मशीनने अतिशय मायाळू आवाजात सांगितलं, आधी उन्हात कडक वाळवावे, मग कडुलिंबाचा पाला घालून सुतळीने तोंड घट्ट शिवावे.

हा उतारा धानाच्या पोत्याचा होता, हे शालिग्रामजींना पाठ होतं. अनुश्रीने घाईघाईने दुसरा प्रश्न टाकला, राशन कार्डावर सुनेचं नाव कसं चढवावं. उत्तर आलं, दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक फवारावे.

हेच प्रश्न तिने हिंदीत विचारले, उत्तरं बरोबर आली. छत्तीसगढीत विचारले. ते उतारे शेजारच्या टेबलावरच्या दयारामने भरले होते. तीही बरोबर. बिघडली होती एकटी मराठी, आणि मराठी ज्याने भरली त्याने आता टेबलाची कड घट्ट धरली होती. चौतीस वर्षांत त्यांचा एक डबा चुकीच्या गावी गेला नव्हता. आज अख्खी गाडीच गेली होती, आणि घड्याळ काही थांबत नव्हतं.

अनुश्रीने हिंदीत विचारलं, मधली एखादी ओळ काढली होती का. शालिग्रामजी म्हणाले, “नाही पोरी. तू जे म्हटलं तेच केलं मी. ज्याचा मजकूर नाही, तो नंबर खाली सोडा म्हटलं होतं तू.”

“हो, म्हणजे...”

“सोडले ना. सगळे खाली सोडले.” त्यांनी फाईल अगदी तळाशी नेऊन दाखवली. तिथे मजकूर नसलेले सतरा मथळे, गाडीतून कापून बाजूला उभ्या केलेल्या नादुरुस्त वाघिणींसारखे, शिस्तीत उभे होते.

अनुश्रीने कपाळावर हात मारला. “काका, खाली मतलब नीचे नहीं. खाली मतलब रिकामा. जागा रिकामी सोडायची होती.”

हिंदीत सांगितलं असतं तर शालिग्रामजींचं जन्मात चुकलं नसतं. पण ती मराठीत बोलली, आणि त्यांनी ते अभिमानाने मराठीतच ऐकलं. एकेक मथळा खाली गेला, तसा मागचा सगळा ताफा एकेक घर पुढे सरकला. आता कोणता मथळा मुळात कुठला, हे चार हजारांतून शोधायला आठवडा लागला असता. अनुश्री फोन उचलून ऋता मॅडमना खरं काय ते सांगायला निघाली.

“थांब,” शालिग्रामजी म्हणाले, आणि चोरासारखी खिशातून छोटी डायरी काढली. ऑफिसात कागद चालणार नाही, असा अनुश्रीचा नियम होता. पण डबा कापला आणि कुठून कापला ते लिहिलं नाही, हे त्यांच्या हाताला जमणारच नव्हतं. “रागावू नको. लपून लिहून राहिलो होतो.”

ते आकडे वाचत गेले, अनुश्री जागा रिकाम्या करत गेली. सोळा झाले. सतरावा घामाने पुसला होता, २३१७ की २३७७ कळेना. आधी २३१७ धरून मधल्या नंबरचा एक प्रश्न विचारला, तर दमेकऱ्याला दोन एकर नांगरून घ्यायचा सल्ला मिळाला. मग २३७७ धरला, आणि दमेकऱ्याला वाफारा मिळाला. पावणेचार वाजले होते.

ऋता मॅडमनी चार वाजता मुद्दाम मराठीत वीस प्रश्न विचारले. वीसही वेळा शालिग्रामजींनी डोळे मिटले. मॅडमनी ‘मराठी चालू ठेवावी’ असं लिहिलं तेव्हाच ते नीट उघडले.

मॅडम गेल्यावर ते अनुश्रीजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, एक ऐक. गप्पा मराठीत मार. कामाचं मले हिंदीतच सांगत जा.”

“हव, काका,” ती म्हणाली.

साठ वर्षं रायपुरात रोज ‘हव’ ऐकलेल्या शालिग्रामजींनी पुन्हा डायरी उघडली.

“हव म्हणजे हो ना? इथं लिहून दे.”