उसनी चव, खरी तलफ

कोपरीतल्या बायांनो, माझा स्टीलचा डबा कुणाकडे आहे हे तुम्ही विसरलात, मी नाही. मला अक्षर येत नाही म्हणून सून लिहितेय, आठवण मात्र माझीच.

आज दुपारी माझा महेश गॅलरीत पेनासारखं काहीतरी ओढत बसलेला. म्हणाला, "आई, सिगारेट सोडली. हे वेप आहे, तंबाखूच्याच चवीचं."

मी हुंगलं. "अरे, हा तर गुळाच्या पाकाचा वास! मी जन्मभर तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केली. भाजायला घेतली की शेजारीण खोकत दार लावायची."

"यात काही जळत नाही गं. चव इसेन्सची. निकोटीन तेवढं असतं."

"म्हणजे चव उसनी आणि तलफ खरी?"

आधी हसला. मग मी त्याच्या बाबांच्या फोटोकडे नुसतं बघितलं. विडी ओढून ओढून, खोकून खोकून गेले ते. महेश उठला आणि त्यानं ते यंत्र माझ्या हातात दिलं. "मी मागितलं तरी देऊ नकोस."

पन्नाशीचा लेक अजून आईचं ऐकतो, देवाचे उपकार. आणि तुमचेही. मी मिश्री सोडली तेव्हा तुम्हीच आवळासुपारी पाठवून मला तगवलंत ना? तुमच्या घरी कुणी तंबाखू सोडली असेल तर कशी, तेही लिहा.

आणि डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही. महेशसाठी आवळासुपारी भरून पाठवा. मिठाची हवी, गोड नको. गोड वासाला तो एकदा फसलाय.